एक वाक्य राहिलंय

सोमवार, ३ मार्च

ताई,

इकडे सगळं ठीक आहे, हे पहिल्या ओळीत लिहायचं असतं, म्हणून लिहिते. ठीक आहे. बाबांचं जेवण बरं आहे, झोप बरी आहे, रागावणं पूर्वीसारखं झालं आहे, म्हणजे तब्येत सुधारते आहे. तू पाठवलेली लोकरीची टोपी ते घालतात. आरशात बघून म्हणाले, "थोरलीनं माझी चहाची किटली करून टाकली." पण काढली नाही.

तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. तू खालची खोली रंगवून घेतलीस, पलंग खिडकीशी लावलास, भाऊजींनी न्हाणीघराच्या भिंतीला दांडा बसवला, सगळं वाचलं. ते ऐकत होते. काही बोलले नाहीत.

फोनवर हे नीट सांगता येत नाही. फोन त्यांच्या खुर्चीशेजारी आहे. म्हणून लिहिते.

आत्ता लगेच निघणं जमणार नाही. कारणं दोन. एक जिना. तिसरा मजला, पायऱ्या उंच, आणि वळणावर कठडा हलतो. पडल्यापासून बाबा खाली उतरलेले नाहीत. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंना मी जिन्याचं विचारलं. त्या म्हणाल्या, घाई नको.

दुसरं कारण होल्ड.

तू हसशील. तू घर सोडलंस तेव्हा बाबा इंग्रजी-मराठी कोशाच्या 'एफ'मध्ये होते, एवढंच तुला आठवत असेल. कोश आता पुरा होत आला आहे. कोशमंडळानं वाटून दिलेले बाकीचे शब्द कधीच छापखान्यात गेले. हे एक इंग्रजी क्रियापद सगळ्यांनी टाळलं आणि शेवटी बाबांच्या गळ्यात आलं. दिसायला एवढंसं. हातात धरणं, हा पहिला अर्थ. तिथेच थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण मग भांड्यात पाणी मावणं, खांबानं छप्पर पेलणं, श्वास रोखणं, सभा भरवणं, पदावर असणं, मत बाळगणं, रंग टिकणं, फोन न ठेवता थांबणं. एका हाताच्या कामातून इतकी कामं निघाली आहेत की बाबा म्हणतात, "इंग्रजांना दुसरं क्रियापद सापडत नव्हतं का रे?" 'रे' कुणाला म्हणतात कोण जाणे. घरात मी एकटीच असते.

त्यांची पद्धत तुला माहीत आहे, की विसरलीस? पुस्तकातलं वाक्य ते घेत नाहीत. पुस्तकातलं वाक्य उष्टं. प्रत्येक अर्थाखाली आपल्या भाषेतलं एक वाक्य हवं, आणि ते कुणीतरी खरोखर बोललेलं, त्यांनी किंवा मी कानांनी ऐकलेलं. कार्डावर वाक्य आणि खाली बोलणाऱ्याचा धंदा किंवा नातं. स्वतः रचलेलं वाक्य चालत नाही. त्यांनी स्वतः बोललेलंही चालत नाही, मी बोललेलं चालतं. ते म्हणतात, कोशकारानं स्वतःचं बोलणं नोंदवलं तर तो कोश नव्हे, आत्मचरित्र.

पूर्वी ते दिवसभर बाहेर हिंडून वाक्यं आणायचे. आता मी आणते. औषधाच्या दुकानातून, बसथांब्यावरून, खालच्या शिंप्याकडून. भाजीच्या पिशवीबरोबर वाक्य आलं नाही तर पिशवी जमिनीवर टेकायच्या आत विचारतात, "काय मिळालं?" परवा शिंपी एका गिऱ्हाइकाला सांगत होता, "हा टाका तुमच्या लग्नापेक्षा जास्त टिकेल." टिकणं या अर्थाखाली ते घातलं. बाबा दिवसभर खूश होते.

त्यांचा हात कापतो, म्हणून कार्डं मी लिहिते. ते सांगतात, मी लिहिते. हल्ली अक्षर कुणाचं आणि कोश कुणाचा हे मलाच कळेनासं झालं आहे.

तर हा शब्द एवढा पुरा होऊ दे. मग निघू.

जाता जाता लिहिते: भाषांतराच्या कचेरीतून मला विचारणा आली आहे. मंडळातली माझी जुनी सहकारीण आता तिथे प्रमुख आहे. दुसरं शहर, जागा कायमची, राहायला खोली. बाबा तुझ्याकडे आले तर मला जाता येईल, असं तिनंच परस्पर ठरवून टाकलं आहे. महिनाअखेरच्या टपालात उत्तर पडलं तरी चालेल म्हणते. बघू.

भाऊजींना नमस्कार. दांडा पक्का बसवलाय ना, ते विचार.

तुझी
धाकटी


बुधवार, १२ मार्च

ताई,

पत्र मिळालं. पत्र कसलं, कानाखाली वाजवलीस.

"एका क्रियापदासाठी दोन माणसं तिसऱ्या मजल्यावर कुजतायत" असं तू लिहिलंस. हे मी त्यांना वाचून दाखवलं नाही. दाखवलं असतं तर त्यांनी ते कुठल्या तरी शब्दाखाली घातलं असतं.

आणि परवाच्या फोनबद्दल. तू फोनवर त्यांना म्हणालीस, "बाबा, मी जुनं काही मनात धरलेलं नाही." मी स्वयंपाकघरात होते, पण मला ऐकू आलं, कारण ते फोन कानापासून लांब धरतात आणि पलीकडचा माणूस घरभर पसरतो. फोन ठेवल्यावर ते खिडकीकडे वळले. मला वाटलं, डोळे पुसतात. तुझं लग्न झालं तेव्हा ते काय काय बोलले होते ते त्यांनाही आठवत असणार. मी चहा घेऊन गेले. ते म्हणाले, "कार्ड घे. आकस ठेवणे. वाक्य: मी जुनं काही मनात धरलेलं नाही. बोलणार: थोरली."

मी लिहिलं. त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "नकारार्थी आहे. पण चालेल."

रागावू नकोस. ते तुझी क्षमा मागत होते. त्यांना दुसरी रीत येत नाही.

आता कामाचं. अर्थ सगळे बसले आहेत. एक राहिला आहे. माणसाला त्याच्या मनाविरुद्ध एका जागी ठेवणं. पोलीस ठेवतात तसं, किंवा नुसतंच, कुणीही कुणालाही ठेवतं तसं. अटकेत ठेवणे, अडकवून ठेवणे, असं आम्ही लिहिलं आहे. त्याखाली वाक्य नाही.

रोज मी बाहेरून आले की ते विचारतात, "मिळालं?" मी नाही म्हणते. ते म्हणतात, "मिळेल." आणि खिडकीकडे बघतात. आमच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते, आणि भिंतीवर पाण्याचा पाइप. मी विचारलं, एवढं काय बघता? म्हणाले, "पाइपाला एक जळमट आलंय. कोळी आत आहे की बाहेर ते कळत नाही."

एखादं वाक्य आणायला इतका वेळ लागतो का, असं तू विचारशील. लागतो. वाक्य पाडून आणता येत नाही. आपण कान उघडे ठेवून हिंडायचं, बस्स.

तू विचारलंस म्हणून: व्यायामवाल्या बाई आता येत नाहीत. त्यांची गरज उरली नाही. बाबा घरात काठीनं हिंडतात. स्वयंपाकघरापर्यंत येतात, माझ्या मागे उभे राहतात, मी काय करते ते बघतात. दोन खोल्यांत माणूस किती हिंडणार? मी पुढे गेले की ते मागे, मी वळले की ते समोर. काल मी दार उघडून नुसती जिन्यावर जाऊन उभी राहिले. काही काम नव्हतं. आतून आवाज आला, "कोण आलंय?" मी म्हटलं, कुणी नाही. "मग दार का उघडं?" दार लावून आत आले.

खरं सांगू? तो राहिलेला अर्थ आहे ना, त्याचं वाक्य माझ्या तोंडाशी येतं. रोज येतं. मी म्हटलं तर ते लगेच कार्डावर जाईल, खाली 'धाकटी' असं लिहिलं जाईल, आणि शब्द पुरा होईल. बाबा पडले त्या वर्षापासून हे वाक्य तयार आहे. तू गेलीस त्या वर्षापासून म्हटलं तरी चालेल. पण म्हातारा माणूस समोर काठी टेकून उभा असतो, टोपी घालून. कसं म्हणायचं?

म्हणून थांबले आहे. तेवढ्यासाठीच थांबले आहे.

कचेरीचं अजून काही कळवलेलं नाही. सहकारिणीनं चिठ्ठी पाठवली: "हो म्हण, नाही म्हण, पण बघू म्हणू नकोस. तुझं 'बघू' मी मंडळात असल्यापासून ऐकतेय." तिला काय जातंय.

तुझी
धाकटी


गुरुवार, २० मार्च

ताई,

हे पत्र तू एकटी असताना वाच. भाऊजींना नंतर सांगितलंस तरी चालेल.

मंगळवारी मी औषधं आणायला गेले होते. दुकानात गर्दी होती. पुढच्या बाईंचं बिल काही केल्या निघेना, मशीन बंद पडलं होतं. त्या दुकानदाराला म्हणाल्या, "अहो, घरी पोर एकटं आहे, मला किती वेळ अडकवून ठेवणार?"

ताई, हे वाक्य मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं असं नाही. हे वाक्य रस्त्यात पडलेलं असतं. बँकेत, बसथांब्यावर, शाळेच्या फाटकाशी, जिथे चार माणसं उभी असतात तिथे कुणी ना कुणी हे म्हणतंच. गेल्या दोन महिन्यांत मी ते कितीदा तरी ऐकलं. वर जाऊन "नाही मिळालं" म्हणाले.

हे लिहायला बसले तेव्हा वाटलं होतं, आधी बाकीचं सांगावं आणि हे मध्ये कुठेतरी. पण आधीच लिहून टाकलं ते बरं झालं.

तर औषधं घेऊन आले. दार नुसतं लोटलेलं. आत खुर्ची रिकामी. काठी नाही, टोपी नाही. न्हाणीघर बघितलं, पलंगामागे बघितलं. पलंगामागे का बघितलं ते विचारू नकोस. मग जिन्यावर येऊन कठड्यावरून खाली वाकून बघितलं. हाक मारली नाही. ते पडले असतील हे मनात आलंच, पण ते दुसऱ्यांदा. पहिल्यांदा काय आलं ते सांगते: मला न सांगता गेलेच कसे.

खाली उतरले. शिंप्याच्या दुकानात बाबा स्टुलावर उभे. उभे, ताई. एक हात शिंप्याच्या खांद्यावर, गळ्यात मापाची टेप, आणि शिंपी गुडघ्यावर बसून त्यांच्या विजारीच्या पायांच्या कडांना टाचण्या लावतोय. तोंडात टाचण्या धरून बोलतोय.

"काका, कंबर कुठे ठेवून आलात? अर्धी तर वरच राहिलेली दिसते."

"वर मुलगी जपून ठेवते सगळं," बाबा म्हणाले. "मागून घेईन."

मी दारात उभी. म्हटलं, "बाबा, खाली कसे आलात?"

"पायांनी."

"पडला असता तर?"

"तर इथेच आलो असतो. जरा लवकर."

शिंपी हसला, टाचण्या काढून उशीत खोचल्या आणि माझ्याकडे वळला. साधा माणूस आहे, चेष्टेखोर. त्याच्या मनात काही नव्हतं. म्हणाला, "काय बाई, इतके ठणठणीत आहेत काका, आणि एवढे दिवस वर अडकवून ठेवलंत त्यांना?"

दुकानात आणखी कुणी नव्हतं. शिवणयंत्राशेजारी रेडिओ लागला होता, तो चालूच होता.

बाबांनी शिंप्याच्या खांद्यावरचा हात उचलला. बोट वर केलं. पूर्वी बसमध्ये किंवा कुणाच्या घरी एखादं वाक्य कानावर पडलं की करायचे तसं. तोंडावर तोच आनंद. तो मी किती तरी दिवसांनी बघितला.

"ऐकलंस?" मला म्हणाले. "लिहून घे."

माझ्या पिशवीत कोरी कार्डं असतातच. शिंप्यानं कापायच्या टेबलावरचं कापड बाजूला सारलं, आपली पेन्सिल दिली. मी उभ्यानंच लिहिलं. एवढे दिवस वर अडकवून ठेवलंत त्यांना. बोलणार: शिंपी. शिंपी वाकून बघत होता. म्हणाला, "माझं नाव येणार पुस्तकात?" बाबा म्हणाले, "नाव नाही, धंदा." तो म्हणाला, "तेच बरं. नावाची माणसं खूप असतात, शिंपी या गल्लीत मी एकटाच."

मला वाटलं होतं ते वाक्य माझं असेल, आणि बाबांबद्दल असेल.

वर येताना त्यांनी मला धरू दिलं नाही. एक हात कठड्यावर, एक काठीवर. वळणावर थांबले, दम घेतला. मी दोन पायऱ्या मागे. वर येऊन खुर्चीत बसले आणि पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "एवढं साधं वाक्य मिळत नाही म्हणायला लागलीस, तेव्हाच कळलं मला."

"काय कळलं?"

"मला वाटलं, ते तू स्वतःसाठी ठेवलं आहेस. कधीतरी म्हणशील. माझ्याबद्दल."

मी रिकामं भांडं त्यांच्या हातातून घेतलं.

"तू म्हटलं असतंस तर मी त्याच दिवशी निघालो असतो."

"मग तुम्हीच का नाही म्हणालात?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. "मी तुम्हाला अडकवून ठेवलंय, असं तुम्हीच का नाही म्हणालात?"

त्यांनी काठी खुर्चीला टेकवली. मग अगदी शांतपणे म्हणाले, "माझं वाक्य चालत नाही."

ताई, ही चेष्टा होती की काय, ते मला अजून कळलेलं नाही.

आता जे खोटं लिहिलं ते दुरुस्त करते. व्यायामवाल्या बाई "घाई नको" म्हणाल्या नव्हत्या. शेवटच्या दिवशी दारात चपला घालताना त्या म्हणाल्या होत्या, "आता यांना जिना उतरवा, रोज उतरवा, वर बसवून ठेवू नका." मी हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांना येऊ नका म्हणून कळवलं. आणि तुझं खोलीचं पत्र वाचलं तेव्हा बाबा गप्प बसले नव्हते. ते म्हणाले होते, "मग कधी निघायचं?" मी म्हटलं, होल्ड झाला की. ते म्हणाले, "बरं."

का, ते विचारशील. मी दोन दिवस तेच शोधते आहे. बाबांची काळजी हे कारण नाही. तुझ्यावर विश्वास नाही असंही नाही. पूर्वी दोन वेळा मी कुणाला तरी नाही म्हटलं. एकदा नोकरीला, एकदा एका माणसाला. दोन्ही वेळा मला काही समजावून सांगावं लागलं नाही. वडील आहेत, एवढं म्हटलं की लोक मान हलवतात. कौतुकसुद्धा करतात. आता बाबा स्वतःच्या पायांनी जिना उतरून विजार आखूड करून घेत होते. ते गेले की मला कुठेही जाता येईल. आणि कुठेही जाता येईल, तर मग मी आजवर इथे कशाला बसले होते?

हे कुणी विचारेल असं नाही. कुणी विचारणार नाही, तेच वाईट आहे.

शनिवारी, २९ तारखेला गाडी घेऊन या. भाऊजींना सांग, गाडी फाटकाशीच लावा, आत वळत नाही. विजार तोवर तयार होईल. शिंपी म्हणतो टाका टिकेल.

धाकटी


सोमवार, ३१ मार्च

ताई,

तुम्ही पोचलात हे बाबांच्या फोनवरून कळलं. ते फोनवर काय म्हणाले ते तू ऐकलंच असशील, शेजारीच होतीस. "दांडा चांगला आहे, पण थोरली चहा पांचट करते." मला वाटतं त्यांना आवडलं आहे.

शनिवारी मी खाली आले नाही याचा तुला राग आला असेल. तू जिन्यावरून दोनदा वळून बघितलंस. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. भाऊजी त्यांचा दंड धरायला गेले आणि बाबा "धरू नका, मागे राहा" म्हणाले, ते ऐकलं. वळणावर कठडा हलला, तेही ऐकलं. मग तुमचे आवाज लहान होत गेले. मग गाडीचं दार. मी चौकट सोडून आत येणार होते. बराच वेळ तिथेच राहिले. समोरच्या दारातल्या आजी बाहेर आल्या, म्हणाल्या, "किल्ली विसरलीस का गं? बाहेर राहिलीस?" मी म्हटलं, नाही, किल्ली आहे.

काल रविवार. काल मी काय केलं ते सांगते. सकाळी दोघांचा चहा केला. दुपारी बाबांच्या खुर्चीत बसून बघितलं. जळमट तिथून खरंच दिसतं. कोळी आतच आहे. संध्याकाळी मंडळाला द्यायचा होल्डचा गठ्ठा दोऱ्यानं बांधला. बांधण्याआधी सगळी कार्डं एकदा चाळली. शिंपी, औषधवाला, थोरली, दूधवाली, शेजारच्या आजी, व्यायामवाल्या बाई. श्वास रोखणं, त्याखाली त्यांचं वाक्य आहे: "रोखा. रोखा. आता सोडा." कितीतरी कार्डांखाली 'धाकटी'. मी एवढं बोलले होते हे मला माहीत नव्हतं. बहुतेक सगळी वाक्यं बाबांना उद्देशून. इथे धरा. जपून. थांबा, मी येते. हात सोडू नका.

कचेरीला काय लिहायचं ते रात्रीपर्यंत सुचलं नाही. तिथे राहायला खोली आहे, ती कुठल्या मजल्यावर आहे हे विचारावं, एवढंच सुचत होतं.

आज सकाळी गठ्ठा घेऊन खाली उतरले. हे पत्र मी शिंप्याच्या दुकानात, त्याच्या कापायच्या टेबलाच्या कडेला बसून लिहिते आहे. तो बाजूला कुणाच्या तरी कोटाला अस्तर लावतोय. मघाशी म्हणाला, "बाई, काका गेले, आता तुम्ही कधी?" मी म्हटलं, "बघू." तो म्हणाला, "बघू म्हणणाऱ्यांचे कपडे माझ्याकडे वर्षानुवर्षं पडून असतात. त्यांना मी त्या मागच्या कपाटात टाकतो." कपाट दाखवलं. दार लागत नाही इतकं भरलंय.

मी त्याच्याकडून कागद मागून घेतला. त्यावर कचेरीला हो लिहिलं. दोन ओळी. मजल्याचं विचारलं नाही. पाकीट बंद केलं आहे. आता ते माझ्या डाव्या हाताखाली आहे, आणि हा कागद उजव्या हाताखाली. टपालाची पेटी रस्त्याच्या पलीकडे आहे, इथून दिसते. तिच्यापर्यंत मी पूर्वी इतक्या वेळा गेले आहे की डोळे मिटून जाईन. तरी उठवत नाही. शिंपी दोनदा बघून गेला. तिसऱ्यांदा रेडिओ मोठा केला.

दुसरा काही उपाय नाही, म्हणून असं ठरवलं आहे. कचेरीचं आणि तुझं, दोन्ही पाकिटं एकाच हातात घ्यायची, एकावर एक, आणि एकदमच पेटीत टाकायची. एक टाकून दुसरं ठेवून घ्यायचं नाही. बाबांना सांग, गठ्ठा आज मंडळात पोचेल. त्यातलं एकही वाक्य मी बदललं नाही. शिंप्याचंही नाही.

मला तुझ्याकडून उत्तर नको. हे पत्र तुझ्या हातात असेल, तर माझ्या हातात काही राहिलं नसेल.

धाकटी